सोनोग्राफीला जाताय? काय न्यायचं, कोणाला काय विचारायचं

आधी हे क्लिअर करते, इंग्लंडला राहणाऱ्या मैत्रिणी सांगतात तसा 'सोनोग्राफर' आपल्याकडे नसतो. तिकडे त्याचंच शिक्षण घेतलेले पण डॉक्टर नसलेले लोक स्कॅन करतात, आपल्याकडे १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्यामुळे (गर्भलिंग तपासणीला बंदी घालणारा) प्रेग्नन्सीचा स्कॅन नोंदणी असलेल्या डॉक्टरनेच करायचा, बहुतेक वेळा रेडिओलॉजिस्ट नाहीतर गायनॅक. बाहेरची सिस्टर फॉर्म भरून घेते, तिला रिपोर्टबद्दल विचारून उपयोग नाही, जे विचारायचं ते आत टेबलावरच विचारा.

जाताना आधारची झेरॉक्स, डॉक्टरांची चिठ्ठी, जुने रिपोर्ट आणि शेवटच्या पाळीची तारीख, एवढं हवंच. फॉर्म एफ भरतात, त्यात 'मला बाळाचं लिंग जाणून घ्यायचं नाही' यावर तुमची सही असते. सासूबाईंना घरीच सांगून ठेवा की आत जाऊन 'काय आहे हो?' विचारायचं नाही, विचारणाऱ्यालाही ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

सुरुवातीच्या महिन्यांत पोटावरून स्कॅन असेल तर लघवी भरलेली लागते, आतून (योनीमार्गातून) करणार असतील तर रिकामी, म्हणून अपॉइंटमेंट घेतानाच विचारा, उगाच दोन बाटल्या पाणी पिऊन बसायला नको.

तारखा मात्र चुकवू नका. एनटी स्कॅन (डाऊन सिंड्रोमसारख्या दोषांचा धोका बघणारा) ११ ते १४ आठवड्यांच्या मधेच होतो, बाळ ४५ ते ८४ मिलिमीटर असतं तेव्हाच मानेमागचं पाणी नीट मोजता येतं. ॲनॉमली स्कॅन (बाळाच्या अवयवांत काही व्यंग आहे का ते बघणारा) १८ ते २० आठवड्यांत करून घ्या, कारण काही गंभीर निघालंच तर पुढच्या तपासण्या आणि निर्णयाला वेळ उरतो, २४ आठवड्यांनंतर गर्भपाताच्या परवानगीचं प्रकरण मेडिकल बोर्डाकडे जातं.

ॲनॉमलीला वेळ लागतो, डॉक्टर डोकं, मणका, हृदयाचे चार कप्पे, किडन्या, मांडीचं हाड असं एकेक बघत असतात आणि बोलत नाहीत, त्याने घाबरू नका. बाळ पाठ करून झोपलं असेल तर तुम्हाला थोडं फिरून यायला सांगतात, हे अगदी कॉमन आहे.

झालं की तीनच प्रश्न विचारा, वाढ तारखेप्रमाणे आहे का, वार (प्लासेंटा) कुठे आहे, आणि काही नीट दिसलं नाही असं आहे का (हा तिसरा कोणी विचारत नाही आणि तोच माझ्या मते सगळ्यात कामाचा, पुन्हा स्कॅनला यायचं का ते त्यावरूनच कळतं). विसाव्या आठवड्यात 'वार खाली' (म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाजवळ) लिहून आलं तर लगेच गूगल करत बसू नका, गर्भाशय वाढतं तशी बहुतेकींची वार वर सरकते, फक्त ३२ आठवड्यांच्या आसपास परत बघून घ्यायची आणि मधे रक्त दिसलं तर न थांबता दवाखाना गाठायचा.