जुन्या व्हिडिओ गेमच्या संग्रहाला जागा किती लागते: कोकणातल्या घराचा हिशेब

जुन्या व्हिडिओ गेमचा संग्रह ठेवायला किती जागा लागेल, हे बहुतेक जण कॅसेटी आणि डिस्क मोजून ठरवतात. देशावर हा हिशेब पुरतो, पण समुद्रकाठी पुरत नाही. रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाला ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, पावसाळ्याचे चार महिने हवा दमट असते आणि उरलेल्या काळात खारा वारा असतोच. म्हणून येथे वस्तूंची जागा मोजून झाली की हवेची जागा वेगळी मोजावी लागते. ती सोडण्याची तयारी नसेल, तर संग्रहच लहान ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी वस्तूंचे माप घेऊ. कपाटाचा खण ९० सेंटिमीटर रुंद आहे असे धरा. प्लेस्टेशन २ च्या गेमची डीव्हीडीची पेटी सुमारे १४ मिलिमीटर जाड असते, म्हणजे त्या खणात ६४ पेट्या उभ्या राहतात. सीडीची साधी पेटी १० मिलिमीटरांची असल्याने तशा ९० मावतात. टर्मिनेटरसारख्या टीव्हीला जोडायच्या गेम-यंत्रांत चालणाऱ्या, फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या जुन्या यंत्राच्या पद्धतीच्या ६० पिनांच्या कॅसेटी साधारण पावणेदोन सेंटिमीटर जाड असतात आणि त्या पन्नासएक बसतात. मात्र प्रत्येक खणाचा निदान पाचवा हिस्सा मोकळा सोडावा, म्हणजे डीव्हीडीच्या ५०, सीडीच्या ७० आणि कॅसेटी ४० एवढेच धरून चालावे. ठासून भरलेल्या रांगेत ओल एकदा शिरली की ती बाहेर पडत नाही, आणि पेटी ओढून काढताना शेजारच्या कॅसेटचे लेबल सोलून निघते.

यंत्रांची जागा फसवी असते. पहिल्या आकाराचे प्लेस्टेशन २ सुमारे ३० सेंटिमीटर लांब, १८ सेंटिमीटर रुंद आणि ८ सेंटिमीटर उंच भरते, पण त्याच्यासोबत दोन जॉयस्टिक, वायरी आणि मेमरी कार्डे येतात. त्यामुळे कोणत्याही यंत्रासाठी त्याच्या मापाच्या दुप्पट जागा धरावी. ज्यांना बंदुकीने बदके टिपण्याचा तो जुना खेळ पूर्वीसारखा खेळायचा आहे, त्यांना जुना काचेच्या नळीचा टीव्हीही सांभाळावा लागतो, कारण ती बंदूक आजच्या सपाट पडद्यावर चालत नाही. चौदा इंची टीव्ही लहान वाटला तरी त्याची खोली सव्वा फुटाच्या आसपास असते आणि साध्या फळीवर तो मावत नाही.

आता ही जागा घरात कोठे काढायची, हा खरा प्रश्न आहे. माळा रिकामा दिसतो म्हणून सामान तेथे चढवण्याचा मोह होतो, पण चैत्र-वैशाखात कौलांखाली भट्टीसारखी उष्णता साठते आणि एखादे कौल सरकले की पहिल्याच पावसात गळती लागते. पडवीत खारा वारा आणि पावसाची झड दोन्ही येतात. जांभ्याच्या भिंती ओल धरतात, आणि त्यातही पश्चिमेच्या व दक्षिणेच्या भिंतींवर पावसाचा मारा सर्वांत जास्त होतो. म्हणून माजघरातील आतली, दोन्ही बाजूंना खोल्या असलेली भिंत निवडावी, कपाट तिच्यापासून चार बोटे दूर ठेवावे आणि सर्वांत खालचा खण जमिनीपासून निदान फूटभर उंच असावा. लोखंडी कपाटाला गंज चढतो आणि लाकडी कपाटाला वाळवी लागते. त्यातल्या त्यात मरीन प्लायचे कपाट मला बरे वाटते, पण दर महिन्याला त्याची मागची बाजू विजेरीने पाहावी लागते.

ही खबरदारी मी नुकसान सोसून शिकलो. एका श्रावणात पश्चिमेच्या भिंतीला टेकवलेल्या फळीवरची एक पेटी उघडली, तेव्हा आतील माहितीपुस्तिकेची पाने एकमेकांना चिकटली होती आणि डिस्कच्या चकाकत्या बाजूवर कडेपासून आत सरकलेली, कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरट बुरशी दिसत होती. त्या रांगेतील ११ डिस्कपैकी ४ कायमच्या गेल्या. उरलेल्या मऊ सुती कापडाने, मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसून वाचल्या.

तेव्हापासून आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्यापूर्वीच्या तयारीच्या कामांतच मी हे काम धरतो. मे महिन्याच्या अखेरीस, हवा त्यातल्या त्यात कोरडी असलेल्या दिवशी, कॅसेटींच्या यंत्रात बसणाऱ्या धातूच्या पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळवाव्यात आणि रबरी कडेच्या हवाबंद डब्यांत उभ्या ठेवाव्यात. वीस लिटरच्या डब्यात मी सुमारे २०० ग्रॅम सिलिका जेल जाळीच्या पिशवीत घालतो आणि सोबत आर्द्रता दाखवणारा लहानसा मापक ठेवतो. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असावा, ६५ च्या वर गेला की बुरशीची भीती सुरू होते. निळे दाणे गुलाबी झाले की ते तापवून पुन्हा वापरता येतात. मात्र तो निळा रंग कोबाल्ट क्लोराइडचा असतो आणि ते विषारी असल्याने स्वयंपाकाची कढई त्यासाठी कधीही वापरू नये. डब्यांच्या भिंती आणि पिशव्या जागा खातात, त्यामुळे पावसाळ्यात तोच संग्रह जवळजवळ दीडपट जागा घेतो. कपाट घेताना हे दीडपटीचे माप धरावे. पुठ्ठ्याची खोकी ओल शोषतात, ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वेगळी ठेवावीत. हातातल्या यंत्रांतील पेन्सिल सेल न चुकता काढून ठेवावेत.

आपल्या मालकीच्या गेमची संगणकावर प्रत काढून ठेवणे मला तितकेच आवश्यक वाटते. येथे आकड्यांतील तफावत विलक्षण आहे. पहिल्या सुपर मारिओ ब्रदर्सचा सगळा मजकूर ४० किलोबाइटमध्ये बसतो आणि निन्टेन्डो ६४ ची मोठ्यात मोठी कॅसेटही ६४ मेगाबाइटची असते. त्याउलट एक सीडी ७०० मेगाबाइटपर्यंत आणि एक डीव्हीडी ४.७ गिगाबाइटपर्यंत जाते, दुहेरी थराची तर ८.५ पर्यंत. म्हणजे १०० जुन्या कॅसेटी, ४० सीडी आणि ५० डीव्हीडी असतील, तर कॅसेटींची जागा नगण्य धरून सुमारे २६५ गिगाबाइट लागतील. सीएचडी या डिस्कची प्रत आकुंचित करणाऱ्या फाइल-स्वरूपात दाबून ठेवल्यास बऱ्याच गेमची जागा कमी होते. ५१२ गिगाबाइटच्या कार्डावर संगणक ४७६ च दाखवतो, आणि कार्डावर फाइली मांडण्याची पद्धत फॅट३२ ही जुनी असेल तर ४ गिगाबाइटहून मोठी फाइल त्यावर जात नाही, म्हणून ते एक्सफॅट करून घ्यावे.

प्रती दोन असाव्यात आणि त्या एका छपराखाली नसाव्यात. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने किनाऱ्यावरील घरांची छपरे उडवली आणि जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. माझी दुसरी प्रत एका हार्ड डिस्कवर, घाटावर बहिणीच्या घरी असते, आणि दर गणपतीत बहीण माहेरी येताना ती हार्ड डिस्क सोबत आणते, तेव्हा वर्षभराची नवी भर त्या डिस्कवर उतरवून घेतो.