पावसाळ्याच्या तोंडावर कर्दळीचे गड्डे फोडा

कर्दळीचा वाफा दोन-तीन वर्षे हलवला नाही की पाला माजतो आणि फुले कमी होतात. जमिनीखाली कंद एकमेकांवर चढतात, मधले जुने कंद निकामी होतात आणि नवे कोंब कडेकडेनेच येतात. अशा वाफ्याला नुसते खत घालून उपयोग नाही, गड्डेच फोडावे लागतात. त्यासाठी पहिल्या पावसाआधीचे दोन आठवडे सोयीचे.

बेणे मात्र पाला उभा असतानाच निवडा. कंद उकरल्यावर रोगट कोणता ते ओळखता येत नाही. पानांवर शिरांच्या बाजूने तुटक पिवळे पट्टे, पाने अरुंद व पिळवटलेली, झाड खुजे दिसले, तर तो विषाणू समजा. (पट्टेदार पानांच्या जातींत पट्टे स्वच्छ असतात आणि वाढही जोमदार असते, त्या उगाच उपटू नका.) विषाणूवर औषध नाही. असा गड्डा मुळासकट काढून जाळा, खतखड्ड्यात टाकू नका. विषाणू हत्यारावरूनही पसरतो, म्हणून प्रत्येक गड्ड्यानंतर विळा ब्लीचच्या पाण्यात (एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी) बुडवून घ्या.

कंदाच्या प्रत्येक तुकड्याला दोन-तीन ठसठशीत डोळे हवेत. मऊ, काळपट भाग कापून टाका. तुकडे दिवसभर सावलीत सुकवा. ओली जखम तशीच मातीत गेली की कंद सडतो. लावण्याआधी लिटरला २.५ ग्रॅम मॅन्कोझेब या बुरशीनाशकाच्या द्रावणात १५ मिनिटे बुडवा.

जागा किमान सहा तास उन्हाची असावी. चौरस मीटरला चार-पाच किलो कुजलेले शेणखत मिसळा. डोळे वर ठेवून कंद ८ ते १० सेंटीमीटर खोल लावा, भारी जमिनीत थोडे वरच. उंच जातींत ४५ ते ६० सेंटीमीटर, बुटक्या जातींत ३० सेंटीमीटर अंतर पुरते. कोंब वर येईपर्यंत पाणी बेतानेच द्या. युरियाचा मोह टाळा: पाला लुसलुशीत होतो, फुले लांबतात आणि तांबेरा लवकर येतो.

पावसात पानांच्या खालच्या बाजूला नारिंगी पुटकुळ्या दिसल्या की तोच तांबेरा. ती पाने काढून नष्ट करा, मग उघडीप पाहून मॅन्कोझेब त्याच प्रमाणात, स्टिकर (औषध पानाला चिकटवणारे द्रव्य) घालून, दोन्ही बाजूंनी फवारा. गुंडाळी झालेल्या पानात अळी असते. फवारा आत पोचत नाही, म्हणून गुंडाळी उलगडून अळी चिरडणेच खात्रीचे. प्रादुर्भाव वाढला तर पाच टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारा.

पहिला तुरा सुकला की घाईने अख्खा दांडा कापू नका. त्याच दांड्यावर खाली बगलेतून दुसरा तुरा फुटतो, म्हणून सुकलेला तेवढाच भाग त्या फुटीच्या वर छाटा. तोही संपल्यावर दांडा जमिनीलगत कापा. एकदा फुललेला दांडा पुन्हा फुलत नाही, नुसता नव्या फुटव्यांची जागा अडवतो.