मानसशास्त्र की समाजकार्य? बडोद्यातून या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी

पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुले, आणि त्यांच्याहून अधिक काळजीने त्यांचे आईवडील, मला नेहमी विचारतात की मानसशास्त्र किंवा समाजकार्य शिकून पुढे नोकरी लागते का. दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या मराठी घरांना इंजिनिअरिंग, बँक आणि शिक्षकी पेशा या वाटा ठाऊक आहेत. ही वाट त्यांना नवी वाटते. बडोद्याला मात्र ती नवी नाही. समाजकार्याचे शिक्षण देणारी देशातली पहिली संस्था १९३६ मध्ये मुंबईत निघाली, आणि १९४९ मध्ये स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाने अगदी सुरुवातीच्या काळातच या विषयाची स्वतंत्र विद्याशाखा उभी केली. मी तेथेच एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी, केली आणि पुढे मनोविकार विभागात काम करीत राहिले, त्यामुळे येथे लिहीत आहे ते प्रामुख्याने रुग्णालयाच्या बाजूने पाहिलेले आहे.

नोकरी लागते. मागणी कशामुळे वाढली हे समजले, तर आपण कोठे बसतो हेही कळेल. २०१५-१६ मध्ये गुजरातसह १२ राज्यांत झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले की बहुतेक मानसिक विकारांत ७० टक्क्यांहून अधिक लोकांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नाहीत. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार हा नागरिकाचा हक्क ठरवला. आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिची काळजी घेण्याची आणि पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकली. कायद्यातील अशा प्रत्येक वाक्यामागे कोणीतरी बसून बोलणारा माणूस लागतो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर फोन उचलणारे, गुजरातच्या १८१ अभयम या महिला हेल्पलाइनच्या गाडीतून अडचणीत सापडलेल्या महिलेपर्यंत जाणारे, कौटुंबिक न्यायालयात समुपदेशन करणारे असे लोक हवे असतात, आणि कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलांची प्रकरणे पाहणाऱ्या बाल न्याय मंडळात तर दंडाधिकाऱ्यांसोबत दोन सामाजिक कार्यकर्ते असावेत, त्यांपैकी निदान एक महिला असावी, असे कायद्यातच म्हटले आहे. शिवाय शहर बदलले आहे. मुलगा कॅनडात आणि आईवडील मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये दोघेच, अशी घरे आता ओळखीच्या प्रत्येक इमारतीत सापडतात. पूर्वी मावशी, काकू, शेजारीण जे ऐकून घेत असत, ते ऐकणारे घरात कोणी उरलेले नाही.

आता प्रवेशाविषयी, कारण येथे अनेकांची फसगत होते. मानसशास्त्रात एम.ए. केले म्हणजे आपण क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसिक विकारांची तपासणी व औषधाविना उपचार करणारे तज्ज्ञ, झालो, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. त्या नावाने काम करायचे असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेले व्यावसायिक प्रशिक्षण पूर्ण करून परिषदेकडे नोंदणी करावी लागते, आणि त्या प्रशिक्षणाच्या जागा फार थोड्या असल्याने स्पर्धा कठीण असते. शाळेतील समुपदेशक किंवा कंपनीतील मनुष्यबळ विभाग यांसाठी एम.ए. पुरते, तरी कोणते काम आपल्या पात्रतेच्या बाहेरचे आहे हे तेथेही ओळखता आले पाहिजे. समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू.नंतर रुग्णालये, स्वयंसेवी संस्था आणि कंपन्यांचे सामाजिक दायित्व विभाग खुले होतात. मनोविकार क्षेत्रातील विशेषज्ञ व्हायचे असेल तर सायकिॲट्रिक सोशल वर्कचे पुढचे प्रशिक्षण घ्यावे. औषध मात्र दोघांपैकी कोणीही लिहून देत नाही. ते मनोविकारतज्ज्ञाचे काम आहे. सध्या अभ्यासक्रमांची नावे आणि नियम बदलत आहेत, म्हणून फी भरण्यापूर्वी परिषदेच्या संकेतस्थळावरील मान्यताप्राप्त संस्थांची यादी स्वतः वाचावी, दलालाच्या किंवा जाहिरातीच्या भरवशावर राहू नये.

या कामात नेमके काय करावे लागते, हे एका उदाहरणाने सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. स्किझोफ्रेनिया असलेला एक तरुण बरा होऊन घरी जाई आणि काही महिन्यांत पुन्हा दाखल होई. कागदावर प्रत्येक वेळी 'औषध अनियमित' एवढेच लिहिलेले असे. घरभेटीला गेले तेव्हा आईने ओव्याच्या डब्यातून गोळ्या काढून दाखवल्या. धाकट्या मुलीचे लग्न ठरत होते, पाहुण्यांच्या नजरेला गोळ्यांची पाकिटे पडू नयेत म्हणून तिने त्या पाकिटातून सोडवून डब्यात टाकल्या होत्या, आणि आता सकाळची कोणती व रात्रीची कोणती हे तिलाच ओळखता येत नव्हते. वडिलांची रोजंदारी बुडते म्हणून ओपीडीची तारीखही चुकत होती. हे सर्व मी अहवालात लिहिले. डॉक्टरांनी त्या तरुणाशी व घरच्यांशी बोलून, सर्वांच्या संमतीने, काही आठवड्यांतून एकदा द्यायच्या इंजेक्शनवर उपचार आणला, आणि मानसशास्त्रज्ञ सहकाऱ्याने त्याची स्मृती व एकाग्रता तपासून त्याला कोणते काम झेपेल याचा अंदाज दिला. आजार तोच होता, पण चित्र पालटले. कोणतीही एक विद्याशाखा एकटी येथवर पोहोचू शकली नसती, आणि म्हणूनच 'दोहोंपैकी श्रेष्ठ कोणती' हा प्रश्न मला निरर्थक वाटतो. माणसाशी एका खोलीत दीर्घकाळ बसून चाचणी, निदान आणि उपचारात्मक संवाद करण्याची ओढ असेल तर मानसशास्त्र घ्यावे. घर, पगार, शेजार, सरकारी कचेरी यांतून माणसाचे दुःख कसे घडते याकडे मन धावत असेल तर समाजकार्य घ्यावे.

पगाराबाबत स्पष्ट सांगायला हवे. सुरुवातीच्या बऱ्याच जागा कंत्राटी असतात, प्रकल्प संपला की नोकरीही संपते, आणि पगार शिक्षणाच्या मानाने कमी असतो. ज्या समाजाला या लोकांची इतकी गरज आहे त्याने त्यांना असे राबवावे, याचे मला मनापासून वाईट वाटते. घरची जबाबदारी असणाऱ्याने हे आधीच हिशेबात धरावे.

भाषेची तयारी मराठी मुलांनी विशेष करावी. आपल्याला बाजारापुरते गुजराती येते, पण सासरच्या छळाविषयी बोलणारी बाई किंवा पंचमहालाकडून आलेला आदिवासी बाप जे अर्धवट वाक्यात सांगतो, ते टिपण्यासाठी कान वेगळे घडवावे लागतात. लिहिण्याचाही सराव हवा. प्रत्यक्ष संवाद जसा झाला तसा, आपली मते बाजूला ठेवून, त्याच संध्याकाळी उतरवून काढायची शिस्त क्षेत्रकार्यात, म्हणजे शिकताना संस्थांत जाऊन केलेल्या प्रत्यक्ष कामात, लावली जाते आणि मार्गदर्शक त्यावर ओळीओळीने चर्चा करतात. म्हणून महाविद्यालय निवडताना इमारत किंवा निकाल पाहण्याआधी तेथील दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठावे आणि विचारावे की क्षेत्रकार्य कोठे होते, अहवाल कोण वाचते, आणि शेवटची वैयक्तिक चर्चा कधी झाली होती. त्यांना आठवून सांगावे लागत असेल, तर दुसरे महाविद्यालय पाहावे.