तिकीट आलं की आधी फोन लावा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेच्या शाखांचे कम्प्युटर मी सांभाळतो. घाटंजी, आर्णी, पांढरकवडा, झरी... एका शाखेत एसटीने जाऊन यायचं म्हटलं की दिवस गेला. त्यामुळे बहुतेक कामं हेल्प डेस्कवर तिकीट, म्हणजे शाखेने मेलने कळवलेल्या तक्रारीची क्रमांक पडलेली नोंद, घ्यायचं आणि दुरूनच कम्प्युटर उघडायचा, अशी चालतात. या कामात नव्याने येणारी मुलं मला विचारतात, कोणतं सॉफ्टवेअर शिकू? मी त्यांना आधी एक सोमवार सांगतो.

त्या सकाळी एका शाखेतून तिकीट आलं, 'लॉगिन होत नाही.' मी सर्व्हरवर पासवर्ड बदलून दिला आणि तिकीट बंद केलं. दहा मिनिटांत ते पुन्हा उघडलं. दुरून जोडायला गेलो तर रिमोटचं सॉफ्टवेअरही जोडेना. म्हणजे नेट बंद असणार असं धरून मी राउटर चालू-बंद करायला लावला. तासभर गेला. बाहेर पैसे काढायला आलेली माणसं उभी. शेवटी काउंटरवरच्या ताईंना फोन लावून म्हटलं, पडद्यावर जे जे दिसतं ते वाचून दाखवा. त्या वाचत गेल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, कोपऱ्यात तारीख तर जुनीच दाखवून राह्यलं!"

मदरबोर्डवरचा, वीज नसताना घड्याळ चालू ठेवणारा सीआर २०३२ सेल संपला होता. शनिवारी संध्याकाळी मेन स्विच बंद झाला की घड्याळ मागे जायचं. तारीख काही वर्षं मागची असली की सुरक्षित साइटचं प्रमाणपत्र (साइट खरी असल्याची मुदतीची डिजिटल ओळख) 'अजून लागूच झालेलं नाही' असं कम्प्युटर धरतो आणि जोडणी नाकारतो. रिमोटही याच कारणाने अडलं होतं. विंडोज इंटरनेटवरून वेळ जुळवतं हे खरं, पण डोमेनमध्ये (संस्थेच्या एका सर्व्हरखाली जोडलेल्या गटात) नसलेल्या साध्या कम्प्युटरवर फरक १५ तासांपेक्षा जास्त असला तर ते आपणहून दुरुस्ती करत नाही. ताईंनी हाताने तारीख बदलली, दोन मिनिटांत काउंटर सुरू झालं. पासवर्डचा त्यात काही संबंध नव्हता.

तिकिटात माणूस त्याला जे दिसलं ते लिहितो. ते खरंच असतं, पण बिघाड दुसरीकडे असू शकतो. म्हणून हात लावण्याआधी विचारायचं: एकट्याचंच बंद आहे की सगळ्या शाखेचं? कालपर्यंत चालत होतं का? मध्ये लाइन गेली होती का? आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्या कम्प्युटरचा आकडी पत्ता, वाचून घ्या. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर कम्प्युटरला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही, पुढचं काही तपासण्यात अर्थ नाही, केबलपासून सुरुवात करा.

लाइनचा प्रश्न आपल्याकडे कायमचाच. 'कम्प्युटर आपोआप बंद पडतो' असं तिकीट आलं की इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही, उघडा. तिथे कर्नल-पॉवर ४१ ही नोंद दिसेल, पण त्यावरची वेळ मशीन पुन्हा चालू झाल्याची असते. बंद कधी पडलं ते ६००८ क्रमांकाच्या नोंदीत लिहिलेलं असतं. ती वेळ गावातली लाइन जाण्याच्या वेळेशी जुळली तर यूपीएसची बॅटरी बदला, विंडोज पुन्हा टाकत बसू नका.

हेल्प डेस्क स्वतः बिघडतं तेव्हा ओळखणं सगळ्यात अवघड, कारण ओरड होतच नाही. एकदा दिवसभर एकही तिकीट आलं नाही आणि आम्हाला बरं वाटलं. संध्याकाळी एका शाखाधिकाऱ्यांनी विचारलं, सकाळपासून तीन मेल टाकले, कोणी पाहिले का? ज्या जीमेल खात्यावर शाखांचे मेल येऊन त्यांची तिकिटं होतात, त्याचा पासवर्ड आदल्या दिवशी आम्हीच बदलला होता. तसं केलं की जुने ॲप पासवर्ड (दुसऱ्या सॉफ्टवेअरला खात्यात शिरायला दिलेले वेगळे पासवर्ड) रद्द होतात, आणि हेल्प डेस्क मेल आणायला तसाच एक वापरत होतं. तेव्हापासून रोज सकाळी एक चाचणी मेल मी स्वतः टाकतो आणि त्याचं तिकीट झालं का ते पाहतो.

दुरून काम करताना दोन गोष्टींनी नवीन मुलं हमखास अडकतात. मध्येच पडदा काळा होतो किंवा क्लिक लागत नाही. बहुतेक वेळा विंडोज परवानगी मागत असतं आणि ती चौकट फक्त समोरच्याला दिसते. फोन चालू ठेवा आणि त्यांना 'होय' दाबायला सांगा. दुसरी गोष्ट नेटवर्क सेटिंगची. ज्या जोडणीवरून आत गेलात तीच बदलायची वेळ आली, तर आधी टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी काम आपोआप करणाऱ्या विंडोजच्या सोयीत) दहा मिनिटांनी जुनी सेटिंग परत आणणारं काम लावून ठेवा. नाहीतर पुढची एसटी पकडावी लागते. आणि विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ पोर्ट, म्हणजे दुरून आत यायचं दार, इंटरनेटला उघडं ठेवून कधीही सोय करू नका.

यातलं मला सगळ्यात जवळचं काम वेगळंच आहे. २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्क या दुरून फोन-कम्प्युटर चालवायच्या ॲपच्या आडून होणाऱ्या फसवणुकीबद्दल बँकांना सावध केलं होतं. आमच्या काउंटरवरची माणसं रोज माझ्या सांगण्यावरून तसंच सॉफ्टवेअर उघडतात. उद्या दुसऱ्या कोणी माझ्या नावाने फोन केला तर? म्हणून आमच्याकडे नियम आहे: तिकीट क्रमांक मी सांगायचा, त्यांनी तो आपल्या मेलमध्ये पाहायचा, जुळला तरच जोडणी द्यायची. काम संपलं की त्यांच्यासमोर जोडणी तोडायची. एका काकूंनी मेल उघडत नव्हता म्हणून मला अर्धा तास थांबवलं होतं. त्यांचं मी मनापासून कौतुक केलं.

तयारीला मोठा कोर्स लागत नाही. एका जुन्या कम्प्युटरवर ओएसटिकेट किंवा जीएलपीआय हे हेल्प डेस्कचं सॉफ्टवेअर टाका, दोन्ही फुकट आहेत. मग मुद्दाम बिघडवा. मेलचा पासवर्ड बदला, केबल काढून आयपी पहा. दुसऱ्या मशीनची तारीख पाच वर्षं मागे न्या, ब्राउझर उघडा आणि पडद्यावर कोणते शब्द येतात ते वहीत लिहून ठेवा. फोनवर तेच शब्द कोणीतरी तुम्हाला वाचून दाखवणार आहे.