जादा सिलिंडर म्हणजे जादा गोळ्या नव्हेत: या चुका टाळा

सिलिंडर, म्हणजे गोळ्यांचे कक्ष असलेला फिरता भाग, बदलला की सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये सात-आठ गोळ्या मावतील, ही समजूत मुळातच चुकीची आहे. सहा कक्षांचा सिलिंडर दर वेळी ६० अंश फिरतो, आठ कक्षांचा ४५ अंश. आणि हे फिरवणारी खिटी, तसेच खाचेत बसून त्याला नेमक्या जागी अडवणारा अडसर, हे दोन्ही भाग एकाच अंतरासाठी घडवलेले असतात. शिवाय आठ कक्षांना रुंद सिलिंडर लागतो, त्यामुळे कक्षाचे केंद्र नळीच्या रेषेतून सरकते. अमेरिकेच्या यादवी युद्धातील लमाट रिव्हॉल्व्हरमध्ये नऊ कक्ष होते ते ती संपूर्ण तशीच रचली होती म्हणून.

सिलिंडर बदलून वाचतो तो वेळ. ज्या काळात कोकणातल्या ठासणीच्या बंदुकीप्रमाणे प्रत्येक कक्षात दारू आणि गोळी ठासून मागे, घोडा आदळताच ठिणगी देणारी तांब्याची टोपी बसवावी लागे, त्या काळात आधीच भरलेला दुसरा सिलिंडर मोलाचा होता. कोल्टच्या १८३६च्या पेटंटच्या पाच गोळ्यांच्या पॅटर्सनमध्ये त्यासाठी नळीच काढावी लागे. रेमिंग्टनच्या न्यू मॉडेल आर्मीमध्ये मात्र घोडा अर्धा ओढायचा, नळीखालचा दांडा खाली करायचा, सिलिंडर जिच्यावर फिरतो ती आस पुढे खेचायची, की सिलिंडर बाजूने तळहातावर घरंगळतो. (तिला ‘१८५८ची’ म्हणतात ते नळीवरच्या पेटंटच्या तारखेमुळे, प्रत्यक्षात ती १८६३पासून बनू लागली.)

आज या रिव्हॉल्व्हरच्या प्रतिकृती वापरणारे सर्वांत मोठी चूक करतात ती नावावर विसंबून सिलिंडर घेण्याची. उबर्टी आणि पिएट्टा या प्रतिकृती बनवणाऱ्या दोन कंपन्या, पण उबर्टीचा सिलिंडर पिएट्टाच्या चौकटीत बसेलच असे नाही आणि बसला तरी जुळेलच असे नाही. म्हणून रिव्हॉल्व्हर रिकामी असताना घोडा सावकाश ओढून सहाही कक्ष एकेक करून तपासावेत. अडसर खाचेत पूर्ण बसण्याआधीच घोडा अडकत असेल, तर तो सिलिंडर कारागिराकडे न्यावा, स्वतः कानस चालवू नये. कक्ष आणि नळी किंचित जरी तिरपी राहिली, तरी शिशाचे कपचे बाजूला उडतात आणि ते शेजारी उभ्या असलेल्याच्या गालाला लागतात.

टोप्या बसवलेला सिलिंडर खिशात ठेवणे हा तर निव्वळ अविचार आहे, कारण तो टोपीवर पडला तर गोळी सुटू शकते. जादा सिलिंडर टोप्यांविना ठेवावा आणि तो चौकटीत बसवून नळी लक्ष्याकडे वळवल्यानंतरच टोप्या लावाव्यात.

दोन-तीन सिलिंडर झाडल्यावर तो जड फिरू लागला, तर दोष बहुधा काळ्या दारूच्या काजळीचा असतो. रेमिंग्टनची आस बारीक असल्याने ती लवकर अडते. आसेला आधीच चरबीयुक्त वंगण लावावे आणि नंतर सारे गरम साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडे करावे. काडतुसांसाठी मिळणारा बदली सिलिंडर पितळी चौकटीत घालू नये, कारण ती दाबाने ताणली जाते. पोलादी चौकटीतही निर्मात्याने सांगितलेली कमी दाबाची काडतुसेच वापरावीत.

भारतात यांतले काहीही करण्याआधी शस्त्र अधिनियम, १९५९ आणि आपला परवाना वाचावा. ‘जुन्या धाटणीची आहे’ एवढे कारण तेथे पुरत नाही.