रिपोर्ट नॉर्मल, तरीही फिट येतात: जोडीदाराने काय करावे

एमआरआय स्वच्छ आहे, ईईजी (मेंदूतील विद्युतसंदेशांची नोंद) नॉर्मल आहे, रक्तातील साखर आणि सोडियम ठीक आहे, आणि तरीही पंधरा-वीस दिवसांनी आपला जोडीदार जेवता जेवता कोसळतो, अशा घरात डॉक्टरांचे ‘हे ताणामुळे असू शकते’ हे वाक्य दिलासा देण्याऐवजी नवाच पेच निर्माण करते. नातेवाईक त्याचा अर्थ ‘काही झालेले नाही’ असा घेतात, काही जण तर ‘नाटक’ हा शब्दही उच्चारतात. ताणाशी निगडित फिट, ज्यांना डॉक्टर फंक्शनल किंवा डिसोसिएटिव्ह सीझर म्हणतात, त्या जाणूनबुजून आणलेल्या नसतात. अपस्मारात मेंदूतील विद्युतसंदेशांचा गोंधळ उडतो. येथे तसा गोंधळ नसतो, पण शरीरावरचा ताबा तितकाच खरोखर सुटतो.

फिट आली की प्रथम घड्याळ पाहावे. माझ्या पत्नीला पहिल्यांदा फिट आली तेव्हा मी तळपाय चोळत आणि हाका मारत बसलो, आणि नंतर डॉक्टरांनी ‘किती मिनिटे?’ असे विचारल्यावर मला ‘बराच वेळ’ एवढेच सांगता आले. गॅस बंद करावा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवाव्यात, डोक्याखाली घडी घातलेली चादर द्यावी, गळ्याभोवतीचे कपडे सैल करावेत आणि शक्य होताच त्या व्यक्तीला कुशीवर वळवावे. हातपाय दाबून धरू नयेत, दातांमध्ये चमचा घालू नये, पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणी पाजू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवणे आणि मुठीत किल्ल्या देणे हे प्रकार पुण्यातल्या शिकल्यासवरल्या सोसायट्यांमध्येही अजून चालतात. त्यांचा काहीही उपयोग नाही. फिट ५ मिनिटांपेक्षा जास्त चालली, शुद्ध येण्याआधीच दुसरी आली, श्वास नीट चालत नसेल, डोक्याला मार लागला असेल, पत्नी गरोदर असेल किंवा ही आयुष्यातली पहिलीच फिट असेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. निदान पक्के होऊन डॉक्टरांनी वेगळी सूचना दिली असेल, तर ती लिहून फ्रिजवर लावावी, म्हणजे आपण घरी नसतानाही शेजाऱ्यांना ती वाचता येईल. भानावर येताना प्रश्नांची सरबत्ती न करता ‘आपण घरी आहोत, मी इथेच आहे’ एवढेच हळू आवाजात म्हणावे.

यापुढचे काम मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण ते डॉक्टरांना करता येत नाही. फिट त्यांच्या समोर क्वचितच येते. ती आपण पाहतो. जोडीदाराची आधीच संमती घेऊन मोबाइलवर व्हिडिओ काढावा, आणि त्यात चेहरा, डोळे उघडे आहेत की मिटलेले, दोन्ही हातांची हालचाल आणि शुद्ध येण्याची रीत दिसेल असे पाहावे. अपस्माराच्या मोठ्या फिटमध्ये डोळे बहुधा उघडे असतात, तर फंक्शनल फिटमध्ये ते पुष्कळदा मिटलेले असतात, मान दोन्ही बाजूंना हलते आणि झटके थांबून-थांबून बराच काळ चालतात. मात्र यांपैकी कोणत्याही एका खुणेवरून निदान होत नाही, आणि मेंदूच्या पुढच्या भागातून येणाऱ्या अपस्माराच्या फिट इतक्या विचित्र दिसतात की त्या मानसिक समजल्या जाण्याची चूक होते. म्हणून आपण साक्षीदार व्हावे, न्यायाधीश होऊ नये.

दोन फिटच्या मधल्या काळात काढलेला, अर्ध्या तासाचा ईईजी नॉर्मल आला म्हणून अपस्मार नाही असे ठरत नाही. निश्चित उत्तरासाठी व्हिडिओ-ईईजी लागतो, ज्यात प्रत्यक्ष फिट आणि त्याच क्षणीची मेंदूची नोंद एकत्र मिळते. तो सुचवला गेला नसेल, तर न्यूरोलॉजिस्टना त्याबद्दल अवश्य विचारावे. हृदयाच्या ठोक्यांतील बिघाडामुळे आलेल्या चक्करीतही झटके येऊ शकतात, त्यामुळे ईसीजी झालेला असावा. काही जणांना दोन्ही प्रकारच्या फिट येतात. यासाठीच ‘ताणाचे आहे’ असे कळल्यावर फिटच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

एका वहीत प्रत्येक फिटची तारीख, वेळ, आदल्या रात्रीची झोप, उपवास, मासिक पाळी, वादावादी, गर्दी आणि आवाज यांची नोंद ठेवावी. गणेशोत्सवातल्या जागरणांनंतर फिट वाढतात का, हे आठवणीवर विसंबून कळत नाही. ताण दिसतोच असेही नाही. कामाच्या धबडग्यात काही होत नाही आणि रविवारी दुपारी निवांत बसल्यावर फिट येते, असेही घडते. त्यामुळे ‘तुला कसलं टेन्शन आहे?’ ही उलटतपासणी टाळावी. आणखी एक गोष्ट थोडी बोचणारी आहे: ताणाचे एक कारण आपण स्वतः किंवा आपले आईवडील असू शकतो. मानसोपचारतज्ज्ञांच्या खोलीतून कोणी सांगण्याची वाट न पाहता काही वेळ बाहेर येऊन बसावे, आणि नंतर आत काय बोलणे झाले हे विचारू नये.

या फिटवर औषधांपेक्षा मानसोपचाराचा, विशेषतः सीबीटीचा (विचार आणि वागणूक बदलण्यावर भर देणाऱ्या उपचाराचा), आधार घेतला जातो. फिटची चाहूल, म्हणजे कानात आवाज लांबून येणे किंवा हात बधिर होणे, ओळखून गार फरशीवर तळवे टेकवणे, समोरच्या पाच वस्तूंची नावे घेणे असे उपाय तेथे शिकवले जातात. घरी त्यांचा सराव आपण सोबत बसून करावा. खाजगी फी परवडत नसेल तर पुण्याच्या सरकारी ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, आणि टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोनवरून समुपदेशन मिळते. न्यूरोलॉजिस्टकडची भेट मात्र बंद करू नये.

पुण्यात दुचाकी सोडणे म्हणजे पाय गमावल्यासारखे वाटते, तरीही डॉक्टर परवानगी देईपर्यंत ती सोडावीच लागते. वाहन परवान्याच्या फॉर्म १ मध्येही अचानक शुद्ध हरपण्याविषयी थेट प्रश्न असतो. ‘गाडी चालवू नकोस’ असे सांगून मोकळे न होता मेट्रो, बस किंवा आपण सोडायला जाणे यांपैकी पर्याय आपणच उभा करावा. न्हाणीघराला आतून कडी लावू नये, पोहायला एकटे जाऊ नये.

कोणी ‘बाहेरचं आहे’ म्हणून मांत्रिकाचा पत्ता दिला, तर ‘उपचार सुरू आहेत’ या एका वाक्यात विषय संपवावा. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

सगळी धावपळ फक्त फिटनंतर होते आणि एरवी घर आपापल्या मोबाइलमध्ये असते, अशी घडी नकळत बसते. फिट न आलेल्या दिवशीही संध्याकाळी दोघांनी मिळून तळजाई टेकडीवर एक फेरी मारावी, आणि त्या फेरीत वहीचा विषय काढू नये.