ऑटोमॅटिक गाडीने ऑटोक्रॉस: गिअरचा निर्णय वळणाआधी

ऑटोक्रॉस म्हणजे मैदानात कोन (शंकूच्या आकाराच्या खुणा) मांडून आखलेल्या ट्रॅकवर घड्याळाविरुद्ध गाडी पळवणं. ताशी ५० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते. वळणातून निघताना तुम्ही ॲक्सिलरेटर दाबला आणि खालचा गिअर टाकायला गिअरबॉक्सने अर्धा सेकंद घेतला, तर ७ मीटर फुकट गेले. स्लॅलममध्ये, म्हणजे रांगेतल्या कोनांमधून नागमोडी जाताना, दोन कोनांत १५-२० मीटर अंतर असेल, तर ताकद येईपर्यंत पुढचा कोन अंगावर आलेला असतो. ऑटोमॅटिकचं खरं नुकसान इथे होतं. म्हणून गिअर वळणाआधी ठरवून टाकायचा, मध्येच बदलण्याची संधी गिअरबॉक्सला द्यायची नाही. डांबरी किंवा काँक्रीटच्या मैदानावरची, कोन मांडून होणारी स्पर्धा इथे गृहीत धरली आहे.

आधी आपला गिअरबॉक्स ओळखा

मोकळ्या मैदानावर मॅन्युअल मोडमध्ये दुसरा आणि तिसरा गिअर किती वेगापर्यंत ओढतो ते पाहून ठेवा. ऑटोक्रॉसचा बहुतेक ट्रॅक दुसऱ्यातच निघतो. त्याच वेळी आणखी दोन गोष्टी तपासा. रेडलाइनला (इंजिनच्या फेऱ्यांच्या कमाल मर्यादेला) पोचल्यावर गाडी मॅन्युअल मोडमध्येही आपणहून वरचा गिअर घेते का? आणि ॲक्सिलरेटर अगदी तळापर्यंत दाबला की किकडाउन होतो का, म्हणजे गिअर आपोआप खाली उतरतो का? काही गाड्यांत पेडलच्या शेवटी एक खटका लागतो, त्यापलीकडे दाबलं तर मॅन्युअल मोड असूनही गिअर उतरतो. अशा गाडीत पाय खटक्याच्या अलीकडेच थांबवायची सवय लावा, नाहीतर ऐन वळणात पुढची चाकं घसरतील.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनची ताकद तेलातून पुढे देणारा पारंपरिक ऑटोमॅटिक) ताकद जरा उशिरा येते, म्हणून वळणाच्या आतल्या टोकाला पोचण्याआधीच पाव ॲक्सिलरेटर द्यायला लागा. डीसीटी (दोन क्लचचा गिअरबॉक्स) गिअर झटपट बदलते, पण वेग जास्त असताना खालचा मागितला तर नकार देते. तो नकार लक्षात येत नाही आणि पुढचं वळण तिसऱ्यातच जातं. पॅडल (स्टिअरिंगमागची गिअर बदलायची पट्टी) ओढण्याआधी वेग उतरलेला हवा. एएमटीत (साधा मॅन्युअल गिअरबॉक्स, पण क्लच आणि गिअर यंत्र चालवतं) गिअर बदलताना क्लच सुटतो, क्षणभर ओढ जाते आणि नाक खाली येतं. हे वळणाच्या मध्यावर झालं तर गाडीचा तोल बिघडतो, म्हणून एएमटीत बदल फक्त सरळ रेषेत. सीव्हीटीत (पट्टा आणि पुलींवर चालणारा गिअरबॉक्स) खरे गिअर नसतातच. पाय पूर्ण सोडला की आरपीएम कोसळतं आणि परत चढायला वेळ लागतो. एस किंवा एल मोड घ्या आणि पाय पूर्ण उचलू नका.

कोणत्याही प्रकारात साध्या डी मोडमध्ये स्पर्धा पळवू नका. पाय उचलला की डी वरचा गिअर घेतो, आणि स्लॅलममध्ये पाय सारखा वरखाली होतो.

सुरुवात

टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत डावा पाय ब्रेकवर ठेवून उजव्याने १,५०० ते २,००० आरपीएम घ्या आणि इशारा मिळताच ब्रेक सोडा. हे २ सेकंदांपेक्षा जास्त करू नका, गिअरबॉक्सचं तेल झपाट्याने तापतं. कोरड्या (तेलात न बुडलेल्या) क्लचच्या डीसीटीत हे करूच नका, लाँच कंट्रोल (झटपट सुटण्यासाठी गाडीतच दिलेली सोय) असेल तर तेवढंच वापरा. एएमटीत ब्रेक दाबल्यावर क्लच सुटलेला असतो, त्यामुळे ही युक्ती तिथे लागूच होत नाही. सुरुवातीची फार चिंताही नको: बऱ्याच ठिकाणी घड्याळ गाडी थोडी पुढे जाऊन सेन्सर ओलांडल्यावर चालू होतं.

डावा पाय

ऑटोमॅटिकवाल्याला मिळालेली ही एकमेव सवलत आहे आणि बहुतेक जण ती वापरतच नाहीत. क्लच नाही, म्हणजे डावा पाय ब्रेकसाठी मोकळा. उजवा पाय एका पेडलवरून दुसऱ्यावर नेण्यात जाणारा वेळ वाचतो, आणि फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत हलका ब्रेक लावून नाक वळणात बसवता येतं.

अडचण अशी की डाव्या पायाला क्लच तळापर्यंत दाबायचीच सवय असते. पहिल्यांदा ब्रेक लावला की कपाळ स्टिअरिंगकडे जातं. म्हणून रिकाम्या मैदानावर ताशी ३० पासून सुरुवात करा, टाच जमिनीला टेकवून फक्त चवड्याने दाब द्या, आणि ठरलेल्या खुणेवर गाडी धक्का न बसता थांबेपर्यंत सराव करा. रहदारीत हा प्रयोग नको.

दोन्ही पेडल एकत्र दाबली की अनेक नव्या गाड्या इंजिनची ताकद कापतात. ताशी ४० ला दुसऱ्या गिअरमध्ये पाव ॲक्सिलरेटर धरून ब्रेकला हलका स्पर्श करा. इंजिनचा आवाज पडला तर तुमची गाडी त्यातलीच. मग दोन्ही पाय एकाच वेळी वापरण्याचा नाद सोडा. उजवा उचलताच डावा तयार असणं एवढाच फायदा घ्या, तोही कमी नाही.

वळण आणि स्लॅलम

क्रम पक्का ठेवा: सरळ असताना ब्रेक, वेग उतरला की दुसरा गिअर, मग स्टिअरिंग. पॅडल स्टिअरिंगबरोबर फिरणारी असतील तर यू वळणात उजवं-डावं हाताला सापडत नाही, हे आणखी एक कारण. स्लॅलममध्ये ॲक्सिलरेटर शक्य तितका स्थिर ठेवा आणि नजर दोन कोन पुढे. पुढचं चाक कोनाच्या बाजूला आलं की स्टिअरिंग उलटं फिरू लागलेलं असावं. पण आत फार चिकटू नका, कारण कोन पडतो तो बहुधा मागच्या चाकाने. अमेरिकेतल्या एससीसीए (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) या संस्थेच्या सोलो नावाच्या ऑटोक्रॉस स्पर्धांत एका कोनाला २ सेकंद दंड आहे. आपल्याकडे दंड त्या त्या स्पर्धेच्या नियमावलीत दिलेला असतो, तो आधी वाचा.

ट्रॅक पायी किमान तीनदा फिरा. एकदा वाकून, ड्रायव्हरच्या डोळ्यांच्या उंचीवरून पाहा. उभ्याने स्वच्छ दिसणारी वाट तिथून नुसती कोनांची गर्दी दिसते. तिसरा गिअर लागेल अशी जागा सापडली तर तो खरंच परवडतो का ते ठरवा. दोन सेकंदांत परत दुसऱ्यात यायचं असेल, तर दुसऱ्यातच वरच्या आरपीएमला थांबणं सहसा स्वस्त पडतं.

टायर आणि उष्णता

साध्या रस्त्याच्या टायरमध्ये पुढे कंपनीच्या आकड्यापेक्षा ४ ते ६ पीएसआय जास्त हवा भरून सुरुवात करा, टायरवर लिहिलेली कमाल मर्यादा मात्र ओलांडू नका. टायरच्या खांद्यावर खडूने रेघ मारा. फेरीनंतर खडू बाजूच्या छोट्या त्रिकोणी खुणेच्याही खाली पुसला गेला असेल तर २ पीएसआय वाढवा, खुणेच्या बराच वर शिल्लक असेल तर २ कमी करा. पायाखालची मॅट, बाटली, जॅक बाहेर काढा आणि चाकांचे नट पुस्तिकेतल्या टॉर्कला आवळा.

रांगेत डी आणि ब्रेकवर उभं राहू नका, एन किंवा पी घ्या. एएमटी आणि कोरड्या क्लचच्या डीसीटीत इंचाइंचाने सरकणं सगळ्यात वाईट. पुढे जागा होऊ द्या आणि एकदाच सरका. सीव्हीटी तापली की स्वतःला वाचवायला ताकद कमी करते. तिसऱ्या-चौथ्या फेरीला गाडी मंद वाटली तर दोष बहुधा तुमचा नाही, बॉनेट उघडा आणि थांबा.

मातीवर असाल तर ट्रॅक्शन कंट्रोल बंद करा. काही गाड्यांत बटण दाबून धरावं लागतं, काहींत ते पूर्ण बंद होतच नाही. आणि पुढची चाकं घसरून नुसती फिरू देऊ नका: चाकं अशी फिरली की गिअरबॉक्सला वेग वाढल्यासारखा वाटतो आणि तो तुम्हाला न विचारता वरचा गिअर टाकतो.